पाच चमचे

त्या शनिवारी सकाळी साडेनऊला मी आरशासमोर उभी राहून डोक्याला रुमाल बांधत होते, तेव्हा आरशात मला मागचा दिवा दिसला. जेवणाच्या टेबलाशेजारचा. तो जळत होता.

मी आधी म्हटलं, जळू दे. शब्बाथला, आम्हा ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, आम्ही दिव्याच्या बटणाला हात लावत नाही. शुक्रवारी सूर्य बुडाल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत काही पेटवायचं नाही, काही विझवायचं नाही. ते काम टायमरचं. आमचा टायमर म्हणजे भिंतीतल्या सॉकेटला लावलेली एक पांढरी डबी. रात्री अकराला ती दिवा बंद करते, पहाटे सहाला झालमनच्या वाचनासाठी चालू करते, आणि आठला चांगलं उजाडलं की पुन्हा बंद. झालमन म्हणजे माझा नवरा. डबी आणल्यापासूनच्या बावीस वर्षांत तो हजारदा चुकला असेल, पण डबी एकदाही चुकली नाही.

मग साडेनऊला दिवा जळतोय कसा?

रुमाल अर्धा बांधलेला तसाच ठेवून मी स्वयंपाकघरात गेले. दिव्याची वायर नजरेने धरून भिंतीपर्यंत आले. ती साध्या सॉकेटमध्ये गेलेली होती, ज्यात वीज अखंड चालू असते. आणि टायमरच्या डबीत एक काळी, जाड वायर खोचलेली होती. ती चोलंटच्या भांड्याची होती. चोलंट म्हणजे शब्बाथच्या जेवणासाठी रात्रभर मंद आचेवर शिजत ठेवलेलं मांस आणि राजमा.

तरी मनाने एक पळवाट काढलीच. म्हटलं, एत्का, तुला नीट दिसत नाही, चष्मा लाव. चष्मा लावला. वायर काळीच होती.

आमचं चोलंट शिजतं ते एका विजेच्या स्लो कुकरमध्ये. खाली तापणारी बैठक, वर चिनी मातीचं जड भांडं. वरचं भांडं झालमन साडेसातलाच घेऊन गेला होता. बैठक नेहमीप्रमाणे चालू असती तर तिच्यावर हात ठेवता आला नसता. मी हात ठेवला. फरशीसारखी गार होती.

म्हणजे रात्री अकराला दिवा विझायचा तो विझला नाही, आणि चोलंट विझलं. आम्ही दोघं दहालाच झोपलो होतो, कुणाला काय कळणार! ऑगस्टच्या उकाड्यात, झाकण लावलेल्या भांड्यात, मांस आणि राजमा सात तास कोमट पडून होता. सहाला डबीने वीज परत दिली, वरवर ऊब आली. सकाळी झालमनने ते मला हसत हसत उचलून दाखवलं होतं.

"आज हात भाजले नाहीत बघ," तो म्हणाला होता. "देवाची कृपा!"

आणि मी, मूर्ख बाई, त्याला म्हटलं होतं, "अहो, देवाची कृपा बाजूला ठेवा, सांडू नका म्हणजे झालं!"

ते भांडं आता डोंगरापलीकडच्या सिनेगॉगमध्ये होतं. प्रार्थना संपली की साडेदहाला किद्दुश. म्हणजे आधी द्राक्षरसावर आशीर्वाद, मग मासे, गोडधोड, आणि शेवटी गरम चोलंट. साठ माणसं होती. पण खरं सांगायचं तर साठ माणसं माझ्या डोळ्यांपुढे आलीच नाहीत. माझ्या डोळ्यांपुढे आली ती हेन्या.

हेन्या माझी लेक. लग्नानंतर अकरा वर्षांनी तिला मुलगी झाली, आणि त्या मुलीचं नाव ठेवल्याबद्दलचाच हा किद्दुश होता. बाळंतपणात तिचं इतकं रक्त गेलं की चार दिवस आम्ही तिच्या उशाशी बसून स्तोत्रं म्हणत होतो. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "हिला सध्या साधा जुलाबसुद्धा झेपणार नाही. जपा." आणि मी कसं जपलं? सगळ्यांदेखत जाहीर करून टाकलं की चोलंटचा पहिला वाडगा माझ्या बाळंतिणीचा.

अर्धकच्चा राजमा म्हणजे काय, हे आमच्या पोरीबाळींनाही माहीत असतं. तासा-दोन तासांत माणूस आतून पिळून निघतो. आणि रात्रभर कोमट राहिलेलं मांस काय करतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मी आठ वर्षांची होते. आमच्या घरी तेव्हा वातीचा स्टोव्ह होता. मध्यरात्री रॉकेल संपलं, आणि आईने "वाया कसं घालवायचं" म्हणून ते चोलंट दुपारी वाढलं. सोमवारी आम्ही ब्राइना मावशीला पुरलं. ती चाळिशीची, धडधाकट होती. त्यानंतर आई जिवंत असेपर्यंत चोलंट चढवताना प्रत्येक वेळी तीनदा मागे वळून आचेकडे बघायची, आणि मीही बघते. त्या शुक्रवारी मी एकदाही बघितलं नाही.

का नाही बघितलं, तेही सांगते. मी रागात होते.

एरवी माझं चोलंट दुपारी दोनला चढतं. त्या शुक्रवारी मी दिवसभर हेन्याकडे होते, म्हणून सहा वाजले. कांदा परतला, खांद्याचं मांस आणि नळीची हाडं रचली, भिजलेला राजमा, बार्ली, बटाटे घातले, पाणी ओतलं. उशीर झाला होता, पण म्हटलं, अख्खी रात्र आहे, सकाळपर्यंत लोणी होईल. ओटा पुसायला दोन्ही वायरी काढल्या होत्या, त्या परत लावायला वाकले आणि फोन वाजला. माझी विहीण, ब्लूमाबाई. वय चौऱ्याहत्तर, जिभेला हाड नाही.

"विहीणबाई, तुमचं ते विजेचं भांडं मला काही पटत नाही," हॅलो नाही, काही नाही, सरळ हेच. "मी माझ्याकडे एक पातेलं चढवतेय. असू दे आपलं."

"असू दे म्हणजे? चोलंट मी देणार असं ठरलंय ना?"

"ठरलंय हो. पण माणसं उपाशी राहायला नकोत."

"माझ्या हातचं खाऊन आजवर कोण उपाशी राहिलंय, ब्लूमाबाई?"

"हेन्या आता आमच्या घरची आहे," ती म्हणाली. "तिच्या पोटात काय जातं ते मला बघायला नको?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आमच्या घरची" काय! नऊ महिने पोटात कुणी वागवली? फोन खांद्यात धरून मी तिला चार शब्द सुनावले, आणि सुनावता सुनावता दोन्ही वायरी खोचल्या. काळी कुठे, पांढरी कुठे, कुणी बघितलं! मग मेणबत्त्या लावल्या, डोळे झाकले, आणि देवापुढेसुद्धा तिचीच उणीदुणी काढत उभी राहिले.

आता त्याच ओट्याशी उभी राहून मी घड्याळाकडे बघितलं. पावणेदहा झाले होते. चालत गेलं तर चाळीस मिनिटं. पायऱ्या, मग चढ, मग पुन्हा पायऱ्या. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालेलं नाही.

मी फोन उचलला. एकसष्ट वर्षांत शब्बाथला पहिल्यांदा. जिवावर बेतलं असेल तर शब्बाथ मोडायचाच असतो, हे मला पाठ आहे. तरी बोट बटणापर्यंत नेऊन मी दोनदा मागे घेतलं. हेन्याचा नंबर लावला. बंद. जावयाचा, नोसनचा लावला. तोही बंद. सिनेगॉगचा वाजतच राहिला. बंद असणारच की! तिकडे सगळे माझ्यासारखेच. शुक्रवारी संध्याकाळी फोन बंद करून ड्रॉवरमध्ये टाकणारे. मी एकटीने शब्बाथ मोडून काय उपयोग? पलीकडच्यानेही मोडायला हवा ना!

रुग्णवाहिकेचा नंबर लावायला गेले आणि थांबले. काय सांगू? अजून कुणी आजारी नाही, फक्त राजमा कच्चा आहे? त्यांना हे समजावण्यात पाच मिनिटं गेली असती. मी फोन टेबलावर टाकला आणि निघाले. अंगावर ॲप्रन, पायात घरच्या सपाता.

लिफ्ट शब्बाथला आम्ही वापरत नाही, आणि ती सुरू करण्याचा विचारसुद्धा मला सुचला नाही. चार मजले कठडा धरून उतरले. खाली रस्त्यावर चिटपाखरू नाही. आमच्या भागात शनिवारी रस्त्याला आडवे कठडे लावलेले असतात, आत गाडी येत नाही. एरवी त्या शांततेचा मला कोण अभिमान! त्या दिवशी एखादी टॅक्सी दिसती तर मी तिच्यापुढे आडवी झाले असते.

मी पळायला लागले. पळणं म्हणजे काय, एक पाय पुढे टाकायचा आणि दुसरा ओढायचा. कोपऱ्यावर एक दाढीवाले आजोबा पुस्तक काखेत घेऊन चालले होते. मला बघून थबकले.

"अहो बाई, शब्बाथला पळायचं नसतं!"

"तुमच्या लेकीच्या ताटात विष असेल तेव्हा तुम्ही सावकाश चाला!" मी ओरडले आणि पुढे गेले. मागे वळून बघितलं नाही, पण ते काठी टेकत माझ्या मागे यायला लागल्याचं ऐकू आलं. बिचारे अर्ध्या चढावर मागे पडले.

पायऱ्या चढताना मी आकडे मोजत होते. मोजले नाही तर दुसरंच डोक्यात यायचं. हेन्या वाडगा हातात घेतेय. हेन्या म्हणतेय, आईच्या हातचं. मला ठाऊक होतं ती कशी खाईल ते. लहानपणापासून तिची एकच रीत, आधी राजमे वेचून खायचे, मांस शेवटी. एकशेचाळीस, एकशेएक्केचाळीस. छातीत कळ येत होती. माझ्या मनात एक घाणेरडा विचारही आला, तो लपवत नाही. वाटलं, कदाचित काही होणार नाही. मिठाने, आचेने, कसं तरी निभावेल. तू तिथे जाऊन बोंब मारलीस तर आयुष्यभर तुझ्या चोलंटला कुणी हात लावणार नाही, आणि ब्लूमाबाई जन्मभर टोमणे मारेल. इथेच बस जरा. दम खा.

मी बसले नाही. पण तो विचार आला होता खरा.

शेवटच्या चढावर एक सपात तुटली. ती तिथेच सोडली. सिनेगॉगच्या अंगणात आले तेव्हा आतून गाण्याचा आवाज येत होता. म्हणजे प्रार्थना संपली होती, आशीर्वादही झाला होता आणि लोक टेबलावर बसले होते.

बायकांच्या खोलीचं दार ढकललं. समोरच हेन्या. पांढरा पोशाख, चेहरा त्याहून पांढरा, मांडीवर पोर. तिच्यापुढे वाडगा. वाडग्यात राजमा, मांस, बटाटा. चमचा तोंडाशी.

मी तिथवर कशी पोचले ते मला आठवत नाही. वाडगा भिंतीवर आपटला तेव्हा भान आलं. हेन्याच्या हातातला चमचा मी घट्ट धरला होता. पोर किंचाळून रडायला लागली.

"किती खाल्लंस?" मी विचारलं. "हेन्या, किती खाल्लंस? थुंक! थुंकून टाक!"

"आई, काय झालंय तुला? तुझ्या पायात चप्पल नाही!"

"किती चमचे?"

"तीन-चार. पण आई..."

तीन-चार. मी मटकन खाली बसले. डोळ्यांपुढे डॉक्टरीणबाईंचा चेहरा, ब्राइना मावशीचा चेहरा. "कच्चं आहे ते," मी म्हटलं. "रात्री वीज गेली होती भांड्याची. माझी चूक. कुणी खाऊ नका, कुणी हात लावू नका त्याला!"

"आई, ऐक तर," हेन्याने माझा खांदा हलवला. "हे तुझं नाहीच. हे सासूबाईंचं आहे."

"माझं कुठाय मग?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग कुणीतरी हळूच म्हणालं, "तेच तर आम्हीही विचारत होतो. ब्लूमाबाई म्हणाल्या, कुठे ठेवलंय ते आठवत नाही."

"आठवत नाही कसलं!" दुसरी कुजबुजली, मला ऐकू येईल इतपत. "विहिणीचं नाव व्हायला नको, म्हणून लपवलंय. सगळ्यांनी बघितलं, सकाळीच मागच्या खोलीत नेलं त्यांनी."

आणि तुम्हाला सांगते, लेक वाचल्याचं कळून अर्धं मिनिट झालं नसेल, तेवढ्यात मला राग आला. स्वभावाला औषध नाही. माझं चोलंट लपवते काय! जे चोलंट कुणी खाऊ नये म्हणून मी अनवाणी धावत आले, ते कुणाला खाऊ दिलं नाही म्हणून मी तिच्यावर चिडले. तशीच उठले आणि मागच्या खोलीत गेले.

ब्लूमाबाई एका स्टुलावर बसली होती. एक हात पोटावर, दुसरा माझ्या भांड्याच्या झाकणावर. झाकण टॉवेलने गच्च बांधलेलं होतं. तिचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता आणि कपाळावरून घाम गळत होता.

"दार लावा," ती म्हणाली. "आणि ओरडू नका. बाहेर ऐकू जाईल."

"काय झालंय तुम्हाला?"

"झालमनभाऊंनी भांडं दिलं तेव्हा हाताला कोमट लागलं. चोलंट कधी असं कोमट असतं का? म्हणून चाखलं." ती थांबली, दातांवर दात दाबून कळ जिरवली. "कच्चंय, एत्काबाई. दाताखाली खडूसारखं लागतंय."

"किद्दुशच्या आधी चाखलंत?" माझ्या तोंडून हेच निघालं. ही बाई शब्बाथला किद्दुशच्या आधी घोटभर पाणीसुद्धा पीत नाही, हे सगळ्या सिनेगॉगला माहीत आहे.

"हो. आता शिव्या द्यायच्या असतील तर नंतर द्या."

"किती चाखलंत?"

"पाच चमचे."

"पाच! अहो, चव घ्यायला एक पुरतो!"

ती उठायला गेली, बाजूच्या बादलीपर्यंत पोचली आणि वाकली. बादली आधीच अर्धी भरलेली होती. ती तासभर इथे एकटी ओकत बसली होती, आणि पलीकडे बायका तिला मत्सरी म्हणत होत्या. मी तिचं कपाळ धरलं. बर्फासारखं गार. दुसऱ्यांदा वाकली तेव्हा तिचे गुडघेच गेले, आणि तिचं सगळं वजन माझ्या हातांवर आलं.

"नोसन!" मी ओरडले. "नोसन, आईला बघ! कुणीतरी फोन करा! जिवावर बेतलंय, करा फोन!"

सिनेगॉगमध्ये एक तरुण असा असतो, ज्याच्या कमरेला शब्बाथलाही वायरलेस असतो, रुग्णवाहिकेचा स्वयंसेवक. तो बॅग घेऊन धावत आला, तिच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला आणि पुन्हा बघितला. दारात माणसांची गर्दी झाली. नोसन, झालमन, पोर छातीशी धरलेली हेन्या, आणि मघाच्या त्या कुजबुजणाऱ्या.

"रक्तदाब फारच खाली आहे," तो म्हणाला. "काय खाल्लंय यांनी?"

ब्लूमाबाईने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. बोलता येत नव्हतं तिला, पण मान हलवली. नाही, नाही, सांगू नका.

चाळीस वर्षांत माझ्या चोलंटमध्ये कुणी चूक काढली नव्हती.

"माझं चोलंट," मी मोठ्याने म्हणाले, दारातल्या शेवटच्या बाईपर्यंत जाईल असं. "राजमा कच्चा राहिलाय, आणि मांस रात्रभर कोमट होतं. मी वायर चुकीची लावली. यांनी पाच चमचे खाल्ले, म्हणून बाकी कुणी खाल्लं नाही. या हृदयाच्या गोळ्या घेतात, तेही लिहून घ्या."

रुग्णवाहिकेत मी तिच्याबरोबर बसले. नोसन म्हणाला मी जातो, मी त्याला म्हटलं, "तू बायको-मुलीपाशी थांब." तिचा हात माझ्या हातात होता. शब्बाथला गाडीत बसण्याचीही ती माझी पहिलीच वेळ. खिडकीबाहेर रस्ता पळत होता आणि मला फक्त त्या हाताची नाडी कळत होती. मध्येच ती कळेनाशी व्हायची. मग मी बोट सरकवायची, सापडेपर्यंत माझाच श्वास थांबायचा. ज्या बाईला काल देवापुढे उभी राहून मी नावं ठेवली, तिच्यासाठी त्याच देवाला आता काय सांगायचं ते मला कळेना. मी नुसतं "नको, नको" म्हणत राहिले. माझ्या रागाने वायर बदलली होती. तिला काही झालं तर नातीच्या नावाचा दिवस आणि आजीच्या मरणाचा दिवस एकच होणार होता, आणि तो माझ्या हातून.

हॉस्पिटलमध्ये त्यांनी तिला आत नेलं आणि मला बाहेर बसवलं. एक वाजला. दोन वाजले. कुणीतरी मला कागदी सपाता दिल्या. एकदा आतून धावपळ ऐकू आली, एक नर्स पळत गेली, आणि मी भिंतीला डोकं टेकून ब्राइना मावशीचा सोमवार पुन्हा बघितला. चार वाजता डॉक्टर बाहेर आला, म्हणाला, सलाइन लागू पडतंय, रक्तदाब वर येतोय, वय बघता थोडक्यात निभावलं. मी त्याला दोनदा विचारलं. तो दोनदा हो म्हणाला.

मी आत गेले. उशीवर ती अगदी लहान दिसत होती. केस झाकायचा विग काढून ठेवलेला, डोक्याला हॉस्पिटलची टोपी.

"हेन्या?" तिने आधी हेच विचारलं.

"बरी आहे. तुमचंच चोलंट खाल्लंय तिने."

"आवडलं?"

"मी वाडगा भिंतीवर आपटला. विचारायचं राहिलं."

तिच्या ओठांचा कोपरा हलला. मी खुर्ची ओढून जवळ बसले.

"ब्लूमाबाई, पहिल्या चमच्यातच कळलं होतं ना तुम्हाला? मग पाच कशाला?"

तिने नजर छताकडे वळवली.

"वरचे कच्चे होते," ती म्हणाली. "म्हटलं खालचे शिजले असतील. अजून खाली गेले. तेही कच्चे. सगळ्यांना सांगितलं होतंत तुम्ही, पहिला वाडगा माझ्या लेकीचा म्हणून. प्रत्येक चमच्याला वाटायचं, हा तरी शिजलेला निघेल."

मला रडू आलं. मी रडायची बाई नव्हे, पण रडले, तिच्या पांघरुणात तोंड खुपसून. तिने सलाइनची सुई लावलेला हात कसाबसा उचलला आणि माझ्या अर्धवट बांधलेल्या रुमालावर ठेवला. दिवसभरात पहिल्यांदा कुणीतरी तो नीट बसवत होतं.

"मीठ बरोबर होतं हो," ती म्हणाली.